तीस किलोमीटरपुढचे कोरे रकाने : मॅरेथॉन संयोजकांना खुले पत्र

मॅरेथॉन भरवणाऱ्या सर्व संयोजक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका निवासी शाळेत क्रीडा मार्गदर्शकाच्या जागेसाठी गेलो होतो. मानधनावरची जागा, फार काही नाही, पण पाय थकल्यावर धावणाऱ्याला दुसरं येतं काय? कार्यालयातल्या बाईंनी अर्ज घेतला, माझं नाव संगणकावर टाकलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "सर, हे तुम्हीच का?"

मीच होतो. निकालांच्या यादीत माझ्या नावावर सतरा शर्यती आणि सतराही ओळींच्या शेवटी तीच अक्षरं : डीएनएफ. 'डिड नॉट फिनिश'. शर्यत पूर्ण केली नाही.

"तुम्ही दर वेळी मधेच सोडता का हो?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात, खरोखर काळजी होती. पाठोपाठ तब्येतीचं काही आहे का, तेही विचारलं.

मी पेसर होतो, म्हणजे ठरलेल्या अंतरापर्यंत पुढे पळून मागच्यांना चाल धरून देणारा आणि मग बाजूला होणारा. हे त्यांना समजवायला मला दहा मिनिटं लागली. पटलं की नाही, देव जाणे. त्या म्हणाल्या, ठीक आहे, संयोजकांचं तसं एक पत्र आणून द्या. मग ज्या शर्यतीत मी सगळ्यात जास्त, सहा वर्षं, हे काम केलं, तिच्या कार्यालयाला मी लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. प्रमाणपत्र फक्त शर्यत पूर्ण करणाऱ्यांनाच मिळतं, आमच्या प्रणालीत दुसरी तरतूद नाही, आपल्या सहभागाबद्दल आभारी आहोत.

त्या शर्यतीचं नाव इथे लिहिणार नाही. भांडण एका कार्यालयाशी नाहीच. हीच प्रणाली आणि हेच उत्तर तुम्हा बहुतेकांकडे आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि चारचौघांत.

मी साताऱ्याचा. वय ४२. अकरा वर्षं पेसर होतो आणि या जानेवारीत ते काम थांबवलं. पेसर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाठीला झेंडा लावून पळणारा, 'दोन तासांची बस', 'अडीच तासांची बस', म्हणजे त्या वेळेत पोचणारा गट, चालवणारा हौशी गडी येतो. ती मंडळी वेगळी, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. मी आघाडीच्या गटाचा पेसर होतो, पैसे घेऊन चाल धरून देणारा. यावर घर चालत नाही. घर चालतं ते चुलतभावाच्या खेळसाहित्याच्या दुकानावर, जिथे मी आठवडाभर बॅडमिंटनची रॅकेट विणून देतो. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात माझा खरा धंदा रस्त्यावर असायचा.

माझी स्वतःची मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ २ तास ३४ मिनिटं. पुरुषांच्या पुढच्या गटात मला कोणी उभं केलं नसतं, आणि ते बरोबरच आहे. पण २:४५ चं लक्ष्य धरून पळणाऱ्या आपल्या मुलींसाठी मी नेमका होतो. किलोमीटरला ३ मिनिटं ५४ सेकंद, क्वचित ५५. पाच किलोमीटरला १९:३३. तीस किलोमीटरला १:५७:१८. यवतेश्वरच्या घाटात आणि कासच्या रस्त्यावर पाय घासून घासून हे आकडे माझ्यात पाढ्यांसारखे बसले होते. घड्याळ नसतं तरी चाललं असतं.

पहिला किलोमीटर सगळ्यात वाईट. ढोल-ताशा, कॅमेऱ्याची गाडी, रात्रभर न लागलेली झोप. सगळ्यांचेच पाय सुटतात. तो किलोमीटर ३:४५ ला गेला तर वाचवलेले नऊ सेकंद ३५व्या किलोमीटरला व्याजासकट परत द्यावे लागतात. तेव्हा पेसर पुढे ओढतो ही समजूत अर्धीच खरी. सुरुवातीला तो मागच्यांना दाबून धरतो आणि शिव्या खातो.

मागे वळून बघायचं नाही, वळलं की चाल तुटते. कानांनी बघायचं. चार जोड बुटांचा आवाज एका ठेक्यात असतो तोवर ठीक. त्यातला एक जोड घासायला लागला की कोणीतरी दमलं. सूर्य पाठीशी असला तर फारच सोपं, मागच्यांच्या सावल्या माझ्या पायांपुढे पडलेल्या असायच्या आणि कोणती सावली मागे सरकतेय ते दिसायचं. उड्डाणपुलावर समोरून वारा आला की डाव्या हाताने खूण करून तिघीचौघींना पाठीमागे घ्यायचं. माझी उंची ५ फूट १० इंच. पुलावर माझी मजुरी ती उंचीच.

मग तिसावा किलोमीटर. वेळ नोंदणारी चटई ओलांडली, बीप वाजलं, बाजूला व्हायचं. करार तेवढाच. मुली पुढे निघून जातात, कोणी बघत नाही आणि बघूही नये. एकदाच एका मुलीने, दम नसतानाही, दोन बोटं वर केली होती. मी तिथेच कुठल्यातरी बंद शटरपाशी उभा राहायचो. घाम गार व्हायचा. मोबाइल पिशवीत आणि पिशवी समाप्तीरेषेवर. एखाद्या स्वयंसेवकाकडून केळं मागून घ्यायचं आणि सगळ्यांच्या मागून येणाऱ्या गाडीची वाट बघायची. त्या गाडीत पायात गोळे आलेले, उलट्या झालेले, रडवेले लोक असतात. जागा करून देत ते विचारतात, "तुमचं काय झालं?"

अकरा वर्षं मी या प्रश्नावर हसत आलो. शाळेतल्या बाईंनी तोच विचारला तेव्हा हसू आलं नाही.

पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते तेव्हा मागे बँकर इंजिनं लागतात, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. बोरघाटाचा चढ ती रेटून पार करून देतात आणि घाट संपला की सुटतात. गाडी पुढे जाते. आतल्या प्रवाशाला पत्ताही नसतो, वडापाव घेण्यात तो गुंतलेला असतो. पण त्या इंजिनाच्या नावापुढे 'पुण्याला पोचले नाही' असा शेरा कोणी मारल्याचं मी ऐकलेलं नाही. घाट चढवणं हेच त्याचं काम होतं. माझं काम तीस किलोमीटरचं होतं. ते झालं की त्याला 'पूर्ण केलं नाही' कसं म्हणता?

माझी ही तक्रार जुनी आहे आणि माझ्या एकट्याची नाही. ट्रॅकवरच्या मोठमोठ्या मीटची निकालपत्रं काढून बघा. जागतिक विक्रम झालेला असतो, आणि त्याच यादीत सगळ्यात खाली, ज्याने निम्मी शर्यत पुढे राहून ओढली त्याच्या नावापुढे डीएनएफ. पाय मुरगळून बाहेर पडलेला आणि ठरलेली चाल सेकंदाला सेकंद देऊन बाजूला झालेला, दोघांना एकच शिक्का.

या धंद्याला इतिहास नाही असंही नाही. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टरने मैल जगात पहिल्यांदाच चार मिनिटांच्या आत, ३:५९.४ मध्ये, पार केला, हे शाळेच्या पुस्तकातलं ज्ञान. पहिल्या दोन फेऱ्या ख्रिस ब्रॅशर पुढे होता, मग ख्रिस चॅटअवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टर मागून ओरडला, अजून जोरात! ब्रॅशरने ऐकलं नाही, आपली चाल सोडली नाही. ती फेरी पुरेशी वेगवान होती, फक्त बॅनिस्टरच्या ताज्या पायांना ती हळू वाटत होती. पेसर कशाला लागतो हे कोणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो. पुढचा माणूस मागच्याचं ऐकत नाही, म्हणून मागचा वाचतो. आणि त्या वर्षी बीबीसीने क्रीडा व्यक्तिमत्त्वाचा पुरस्कार सुरू केला, तो पहिला मान बॅनिस्टरला नाही, चॅटअवेला मिळाला. पेसरला! अर्थात तेव्हा चॅटअवेने ५००० मीटरचा विक्रमही केला होता, पण मला ही गोष्ट आवडते, म्हणून सांगितली.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की एकतर्फी लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, मोट्सपूर पार्कला बॅनिस्टरने ४:०२.० वेळ दिली होती. तेव्हा ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत मागे राहिला, बॅनिस्टरने त्याला एक फेरी गाठली आणि मग शेवटी तो ताज्या पायांनी पुढे झाला. ब्रिटिश मंडळाने ती वेळ विक्रम म्हणून मानली नाही. बरोबर केलं. आजही नियम हेच सांगतो की शर्यतीत नसलेल्या माणसाने किंवा मागे पडून फेरी खाल्लेल्याने चाल द्यायची नाही. पेसर इतरांबरोबर रेषेवरून सुटला पाहिजे. म्हणजे नियमाच्या डोळ्यांत तो पुरता स्पर्धक. मग त्याचं काम नियमाच्या डोळ्यांत का दिसू नये?

पेसर स्पर्धक असतो याचे पुरावे हवेत? ऑस्लोला १९८१ मध्ये १५०० मीटरमध्ये टॉम बायर्सला चाल द्यायला ठेवलं होतं. बाकीच्यांनी त्याला सोडून दिलं, तो थांबलाच नाही आणि स्टीव्ह ओव्हेटला मागे टाकून जिंकला. लॉस एंजेलिसला १९९४ मध्ये पॉल पिल्किंग्टन पेसर म्हणून आला आणि मॅरेथॉन जिंकून मर्सिडीज घेऊन गेला. इटलीचा लुका बारझागी मागून आला तो आपणच जिंकलो या समजुतीत. बर्लिनला २००० मध्ये सायमन बिवॉट, तोही पेसर, २:०७:४२ मध्ये पहिला. आणि २००३ ला त्याच बर्लिनमध्ये पॉल टेरगाटने २:०४:५५ चा जागतिक विक्रम केला तेव्हा त्याच्या एक सेकंद मागे, २:०४:५६ ला, कोण होतं? त्याचाच पेसर सॅमी कोरिर. चाल देता देता तो स्वतः जुन्या विक्रमाच्या पुढे गेला होता.

ही नावं लोकांना माहीत आहेत कारण ही माणसं थांबली नाहीत. म्हणजे काम मोडलं की नाव आणि काम पाळलं की डीएनएफ. हा हिशोब मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही.

जी माणसं थांबतात त्यांच्यातलं एक नाव घेतो. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने २०१० च्या ऑगस्टमध्ये आठवड्याभरात दोनदा ८०० मीटरचा जागतिक विक्रम मोडला, आधी बर्लिन १:४१.०९, मग रिएटी १:४१.०१. दोन्हीकडे पुढे सॅमी तांगुई होता. हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? (रुडिशाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कोणीही पेसर नसताना, पहिल्या पावलापासून स्वतः पुढे राहून १:४०.९१ केलं. मला विचाराल तर ती त्या तिघांतली सगळ्यात देखणी शर्यत. पेसर नसलेली शर्यत बघायला जास्त मजा येते हे मी कबूल करतो. पण तुम्हाला विक्रम हवा असतो, प्रायोजकाला वेळ हवी असते, तेव्हा मला फोन येतो.)

आणि आता तर फोनही येणार नाही असे दिवस आलेत. नेदरलँड्सचा ब्राम सोम २००६ मध्ये ८०० मीटरचा युरोपीय विजेता होता. पुढे तो पेसर झाला, इतरांना वेळा काढून देणारा व्यावसायिक. त्यानंतर त्याने काय केलं? ट्रॅकच्या आतल्या कडेला पळणारे दिवे, ज्यांना वेव्हलाइट म्हणतात, ते उभे करणाऱ्यांत तो आहे. २०२० मध्ये मोनॅकोत जोशुआ चेप्टेगेईने ५००० मीटर १२:३५.३६ मध्ये आणि व्हॅलेन्सियाला १०,००० मीटर २६:११.०० मध्ये मारले ते याच दिव्यांच्या सोबतीने. दिवा दमत नाही, पहिल्या फेरीत वाहवत जात नाही, मानधन मागत नाही. पेसरने स्वतःच्या हातांनी आपल्याला पर्याय बनवला, हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो होतो. पण दिव्यामागे वारा लागायचा थांबत नाही. म्हणून चेप्टेगेईपुढे दिव्यांच्या जोडीला माणसंही होती. तुमच्या रस्त्यांवर तर तसले दिवे नाहीतच. अजून काही वर्षं तरी तुम्हाला माणूसच लागणार आहे.

माणूस लागतो तेव्हा कसा लागतो ते व्हिएन्नात दिसलं. १२ ऑक्टोबर २०१९, केनियाचा एलिउड किपचोगे, मॅरेथॉनचं पूर्ण अंतर १:५९:४० मध्ये. एकूण ४१ पेसर, त्यांत १५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता मॅथ्यू सेंट्रोविट्झ, बर्नार्ड लगाट, तिन्ही इंगेब्रिग्टसेन भाऊ. पाच जण पुढे फाकलेल्या ओळीत, दोन मागे, ठरावीक अंतराने पाळ्या बदलत. शेवटच्या टप्प्यात ते सगळे मागे सरले आणि त्याला हातांनी पुढे पाठवू लागले. ती धाव अधिकृत विक्रम नाही, कारण मधूनच आत येणारे ताजे पेसर नियमात बसत नाहीत. पण त्या ४१ जणांची नावं आधी जाहीर झाली होती, त्यांची चित्रं छापली गेली, शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला खांद्यावर घेतल्यासारखं केलं. जिथे विक्रमाला मान्यता नव्हती तिथे पेसरला मान्यता मिळाली. जिथे विक्रमाला मान्यता मिळते तिथे पेसर डीएनएफ.

महिलांच्या शर्यतींचा विषय तर आणखी टोकाचा. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉनला २:१५:२५ ची जागतिक विक्रमी वेळ दिली तेव्हा तिच्यासोबत दोन केनियन पुरुष पेसर होते. २०११ मध्ये जागतिक संघटनेने ठरवलं की पुरुष सोबत असतील तर तो महिलांचा विक्रम धरायचा नाही. गदारोळ झाला, निर्णय मागे घ्यावा लागला आणि आता निव्वळ महिलांच्या शर्यती आणि मिश्र शर्यती यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवतात. यात मला एकच दिसतं. पेसर सोबत असणं इतकं महत्त्वाचं की त्यावरून विक्रमाचा रकाना बदलतो. पण त्या पेसरला स्वतःला रकाना नाही.

आता आपल्याकडचं. तक्रारी माझ्या अनुभवातल्या आहेत, वेगवेगळ्या ठिकाणच्या.

डीएनएफबद्दल बोललो. त्यातली एकच ओळ दाखवतो. ५ किमी १९:३१, १० किमी ३९:०५, १५ किमी ५८:३९, २० किमी १:१८:१०, २५ किमी १:३७:४४, ३० किमी १:५७:१६. पुढचे रकाने कोरे. ठरलेली वेळ १:५७:१८. दोन सेकंदांचा फरक. त्या दिवशी माझ्यामागून पळणाऱ्या मुलीने आपली वेळ चार मिनिटांनी सुधारली. तिच्या ओळीपुढे फुलं आहेत, असू देत, ती तिचीच आहेत.

नावाचं. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर अकरा वर्षं 'पेसर' एवढंच छापलेलं होतं. मुलींच्या बिल्ल्यांवर त्यांची नावं. ध्वनिक्षेपकावरचा माणूस २५ किलोमीटरपर्यंत "आणि त्यांच्यासोबत पेसर" म्हणायचा. एकदा तर "त्यांच्यासोबत एक पुरुष धावपटू चुकून" असंही म्हणाला. घरी टीव्हीवर आईने ते ऐकलं. तिला अजून वाटतं मी तिथे चुकून शिरलो होतो.

पैशाचं. सतरापैकी फक्त तीन शर्यतींत मला लेखी काही मिळालं. बाकी सगळा व्यवहार फोनवर. "या, बघू, देऊ." एके वर्षी सबंध सागरी रस्त्याला समोरून वारा होता आणि तिसाव्या किलोमीटरला आम्ही ५० सेकंद मागे होतो. मुद्दाम मागे होतो. त्या वाऱ्यात ठरलेली चाल रेटली असती तर मागच्या तिघींपैकी एकही शेवटपर्यंत टिकली नसती. तिघीही टिकल्या. मला निम्मेच पैसे मिळाले, कारण 'टार्गेट' गेलं. ज्या निर्णयासाठी पेसर नेमायचा तोच निर्णय घेतला म्हणून मजुरी कापली. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे, डीएनएफपेक्षाही. पण ते पैशाचं आहे म्हणून लोक पुटपुटतात, मी लिहून टाकतोय.

विमा. धावणाऱ्या प्रत्येकाचा विमा नोंदणी शुल्कात असतो. पेसर नोंदणी करत नाही, त्याला बोलावलेलं असतं. मग त्याचा विमा? मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बघून सांगतो" म्हणाले, अजून बघताहेत.

हौशी पेसर, झेंडेवाले. त्यांना टी-शर्ट आणि बूट मिळतात, सेल्फी मिळतात, आणि बस दोन मिनिटं उशिरा पोचली की फेसबुकवर जोडे मिळतात. ते निदान शर्यत पूर्ण तरी करतात, पदक तरी गळ्यात पडतं. त्यांचं त्यांनीच बोलावं, मी त्यांच्या वतीने भांडलो तर त्यांना आवडायचं नाही.

आणि निवृत्ती. डिसेंबरात सरावाला मला कळलं की ३:५४ आता सोपं राहिलेलं नाही. येत होतं, पण श्वास मोजावा लागत होता. पेसरला चाल सोपी नसली तर तो मागच्यांचं ऐकू शकत नाही, स्वतःचंच ऐकत बसतो. आपण खोटे पडण्याआधी थांबावं म्हणून जानेवारीची शर्यत झाल्यावर मी त्या कार्यालयाच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की पुढच्या वर्षी माझा विचार करू नका, अकरा वर्षं संधी दिलीत, ऋणी आहे. उत्तरात एक अंगठा आला. दोन दिवसांनी आणखी एक ओळ : "सर कोणी ओळखीचा आहे का 3:54 वाला?"

नारळ, शाल, श्रीफळ मला नको. शाली घरात चार आहेत. आणि तो अंगठा पाठवणारा पोरगा वाईट नाही, त्याच्यामागे चाळीस कामं असतात, हेही मला माहीत आहे. मी एक पोरगा सुचवलाही. कोरेगाव तालुक्यातला, पळतो छान, पाय हलका आहे. त्याचं लग्न ठरतंय. मुलीकडच्यांनी नाव शोधलं तर त्यांना काय दिसेल, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तर मागण्या. थोड्याच आहेत, आणि एकीलाही फारसा खर्च नाही.

निकालपत्रात पेसरसाठी वेगळी नोंद करा. 'पेसर, ३० किमी पूर्ण, १:५७:१६', एवढंच. ठरल्या ठिकाणाआधी थांबला तर डीएनएफ लिहा, पुढे जाऊन शर्यत पुरी केली तर इतरांसारखी वेळ लिहा. वेळ मोजणाऱ्या चिपवाल्या कंपनीला एक रकाना वाढवायला सांगायचं आहे, दुसरं काही नाही. जुन्या निकालांतही हे करा, नोंदी तुमच्याकडेच आहेत.

कामाचं पत्र द्या. मागितलं तर नव्हे, आपणहून, शर्यत झाल्यावर आठवड्यात. अंतर, चाल, कोणत्या गटासाठी.

करार लेखी करा, मराठीत केलात तर उत्तम. वारा, ऊन, पाऊस यांत चाल बदलायचा अधिकार पेसरचा, हे त्यात एका ओळीत लिहा. विमा त्यातच घाला.

बिल्ल्यावर नाव छापा, आणि निवेदकाच्या हातात ते नाव असलेला कागद द्या.

तिसाव्या किलोमीटरपाशी एक खुर्ची, एक टॉवेल, आणि परत यायला वेगळी गाडी. ही मागणी हसण्यासारखी वाटेल. जानेवारीत भिजल्या बनियनवर पाऊण तास शटरला टेकून उभं राहून बघा.

पुढचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतोय. तोवर तुमच्यापैकी एकाने जरी हा रकाना वाढवला तर मी त्याचं नाव याच ठिकाणी आनंदाने लिहीन. माझ्या सतरा शर्यतींचा तक्ता मी वहीत करून ठेवला आहे, कोण मागेल त्याला फोटो काढून पाठवतो. कुठे थांबायचं ठरलं होतं, कुठे थांबलो, किती वाजता, सगळं त्यात आहे. त्यातल्या सोळा ओळी दुरुस्त करा.

सतरावी २०१८ ची आहे. २४व्या किलोमीटरला पोटरी धरली आणि मी रस्त्याच्या कडेला बसलो. मुली एकट्याच पुढे गेल्या. ती खरी डीएनएफ आहे. ती तशीच राहू द्या.

आपला,
एक माजी पेसर
सातारा